अनेक पक्षांच्या सरकारचं मंत्रिमंडळ वहीत कसं मांडायचं

शपथविधी टीव्हीवर चालू असतानाच आमच्या गटातल्या बायकांचे फोन सुरू होतात. “ताई, आपला तलाव आता कुणाकडं गेला?” आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या शेतकरी बायका. पाझर तलावाची दुरुस्ती, विहिरीची मंजुरी, रोजगार हमीची थकलेली मजुरी, पीकविमा अशी कामं घेऊन तहसीलपासून मंत्रालयापर्यंत जावं लागतं. कुणाच्या दारात उभं राहायचं हेच ठाऊक नसलं तर भाडं, मुक्काम आणि बुडालेली रोजंदारी सगळं पाण्यात जातं. म्हणून मी एक वही ठेवते. प्रत्येक सरकारचं मंत्रिमंडळ मी त्यात मांडते, आणि बदल झाला की नवं पान काढते.

ही वही कशी ठेवायची ते इथं सांगते. सरकार अनेक पक्षांचं असलं, त्याला युती म्हणा, आघाडी म्हणा, महायुती म्हणा, की पद्धत तीच. सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे: अशा सरकारात खातं मंत्र्याचं नसतं, पक्षाचं असतं. मंत्री बदलतो, पण खातं सहसा त्याच पक्षाच्या कोट्यात राहतं. ज्या दिवशी खातं एका पक्षाच्या कोट्यातून दुसऱ्याच्या कोट्यात जातं, त्या दिवशी सरकारच्या आतली वाटणीच बदललेली असते. पहिल्या बदलात आपल्याला फक्त पत्रावरचं नाव बदलावं लागतं. दुसऱ्या बदलात रस्ता बदलावा लागतो.

आधी आकडा लिहा

पानाच्या वरच्या ओळीत लिहा: ४३. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमानुसार मुख्यमंत्र्यांसह एकूण मंत्री विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त नकोत. आपली विधानसभा २८८ ची, म्हणून कमाल ४३. ही मर्यादा २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं आली. त्याआधी आकड्याला बांध नव्हता. उत्तर प्रदेशात १९९७ साली कल्याणसिंहांच्या मंत्रिमंडळात नव्वदहून जास्त मंत्री होते. कुणाला नाराज करायचं नसलं की नवं मंत्रिपद काढायचं, असा तो काळ. आता जागा मोजक्या असतात, त्यामुळे एकाला घ्यायचं तर दुसऱ्याला थांबवावं लागतं. आज कोण आत आणि कोण बाहेर याला जो अर्थ आहे, तो या मर्यादेमुळं आला.

मग भरलेल्या जागा मोजा, आणि रिकाम्या त्याहून काळजीनं मोजा. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस या दोघांनीच शपथ घेतली आणि ९ ऑगस्टपर्यंत राज्याचं मंत्रिमंडळ दोघांचंच राहिलं. त्या दिवशी १८ जण आले, एकूण २०. त्यात एकही बाई नव्हती. मी त्या पानावर तसं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. २ जुलै २०२३ ला अजित पवार आणि त्यांचे आठ सहकारी आले, एकूण २९, आणि अदिती तटकरेंच्या रूपानं त्या मंत्रिमंडळात पहिली महिला मंत्री आली. उरलेल्या १४ जागा पुढं भरल्याच नाहीत. रिकामी जागा म्हणजे कुणीतरी विसरलेलं काम नव्हे. विस्तार होणार या आशेवर कितीतरी आमदार पक्षाला धरून राहतात, आणि जागा भरली की न मिळालेले सगळे एकाच दिवशी नाराज होतात. म्हणून “विस्तार लवकरच” ही बातमी आली तर तिच्या भरवशावर आपलं काम थांबवू नका. ज्याच्याकडं अतिरिक्त कार्यभार आहे त्याच्याकडंच आजच्या तारखेला निवेदन द्या.

पक्षांचे रकाने आणि प्रमाण

आकड्याखाली पक्षांचे रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात दोन आकडे लिहा: आमदार किती, मंत्री किती. या दोहोंतल्या फरकातून सौदा कुठं झाला ते दिसतं.

महाविकास आघाडीचं उदाहरण घ्या. २०१९ ला शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. ३० डिसेंबरच्या विस्तारानंतर ४३ पैकी शिवसेनेच्या कोट्यात १५, राष्ट्रवादीकडं १६, काँग्रेसकडं १२. जवळजवळ आमदारांच्या प्रमाणातच, फक्त मुख्यमंत्रिपद घेतलेल्या पक्षाची बाजू किंचित हलकी आणि दोन नंबरच्या पक्षाची किंचित जड. शिवाय विधानसभा अध्यक्षपद काँग्रेसला. ते पद मंत्रिमंडळात मोजत नाहीत, पण वाटणीत मोजतात, म्हणून त्याची वेगळी ओळ ठेवा. २०२१ च्या फेब्रुवारीत नाना पटोलेंनी प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी ते सोडलं आणि सरकार जाईपर्यंत नवा अध्यक्ष निवडला गेला नाही. राष्ट्रवादीचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काम चालवलं. जून २०२२ च्या बंडात ती रिकामी खुर्ची किती महत्त्वाची ठरली ते सगळ्यांनी पाहिलं.

आता २०२४ बघा. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. १५ डिसेंबरला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली: भाजपचे १९, शिवसेनेचे ११, राष्ट्रवादीचे ९. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री धरले की २०, १२ आणि १०. आमदारांच्या हिशोबानं ४२ मध्ये भाजपचे २४, शिवसेनेचे १० आणि राष्ट्रवादीचे सात-आठ व्हायला हवे होते. म्हणजे मोठ्या भावानं चारेक जागा धाकट्यांना सोडल्या. त्या बदल्यात काय घेतलं ते खात्यांच्या रकान्यात सापडतं: मुख्यमंत्रिपद आणि गृह एकाच हातात.

मुख्यमंत्रिपदाची किंमत कशी मोजली जाते याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २००४ चं. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९. जास्त आमदार असूनही राष्ट्रवादीनं मुख्यमंत्रिपद काँग्रेसला दिलं, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि राष्ट्रवादीनं जादा मंत्रिपदं घेतली. १९९९ ते २०१४ या सगळ्या काळात मुख्यमंत्री काँग्रेसचा आणि उपमुख्यमंत्रिपद, गृह, वित्त राष्ट्रवादीकडं. विलासराव गेले, सुशीलकुमार शिंदे आले, पुन्हा विलासराव, मग अशोक चव्हाण, मग पृथ्वीराज चव्हाण. गृहखात्यात छगन भुजबळ, आर. आर. पाटील, जयंत पाटील आले-गेले. माणसं इतकी बदलली, पण तो बांध पंधरा वर्षं जागचा हलला नाही.

उपमुख्यमंत्रिपदाबद्दल एवढंच लक्षात ठेवा, की ते घटनेत नाही. कायद्याच्या नजरेत उपमुख्यमंत्री हा इतरांसारखाच मंत्री. सर्वोच्च न्यायालयानंही फेब्रुवारी २०२४ मध्ये हेच म्हटलं. महाराष्ट्रात १९७८ साली फुटलेल्या काँग्रेसच्या दोन पक्षांचं सरकार आलं, तेव्हा वसंतदादा पाटलांबरोबर नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले. म्हणजे हे पदच वाटणीतून जन्माला आलं. त्याचं वजन सोबतच्या खात्यावरून ठरतं, म्हणून वहीत त्या नावापुढं खातं लिहिल्याशिवाय ओळ पुरी समजू नका.

खात्यांचं पान

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. वर्तमानपत्रात खातेवाटपाची यादी मंत्र्यांच्या नावांनी येते. ती उलटी करा. डावीकडं खातं, मग पक्ष, मग मंत्री, मग राज्यमंत्री. नाव शिसपेनीनं लिहा, पक्ष शाईनं.

असं केल्यावर काय दिसतं ते कृषी खात्याच्या एका ओळीवरून सांगते. जानेवारी २०२० ला दादा भुसे, शिवसेना. जून २०२२ च्या बंडात ते शिंदेंबरोबर गेले, तेव्हा २७ जूनला उद्धव ठाकरेंनी त्यांचं खातं शंकरराव गडाखांकडं दिलं. गडाख शिवसेनेच्याच कोट्यातले. दोन दिवसांत सरकार गेलं. ऑगस्ट २०२२ ला अब्दुल सत्तार, शिंदेंची शिवसेना. १४ जुलै २०२३ ला धनंजय मुंडे, अजित पवारांची राष्ट्रवादी. डिसेंबर २०२४ ला माणिकराव कोकाटे, राष्ट्रवादी. जुलै २०२५ च्या अखेरीस दत्तात्रय भरणे, राष्ट्रवादी. साडेपाच वर्षांत सहा नावं. गावातल्या माणसाला वाटतं की या खात्यात नुसता गोंधळ चाललाय. पण पक्षाचा रकाना बघितला तर खातं शिवसेनेकडून राष्ट्रवादीकडं सरकलं ते एकदाच, १४ जुलै २०२३ ला, कारण त्या महिन्यात सरकारात तिसरा भागीदार आला होता. बाकीच्या वेळी आपल्याला फक्त नवं नाव लिहायचं होतं.

त्याच दिवशी आणखी काय हललं तेही बघा. वित्त, सहकार, अन्न व नागरी पुरवठा, वैद्यकीय शिक्षण, महिला व बालविकास ही खाती भाजपच्या वाट्यातून राष्ट्रवादीला गेली. कृषी आणि अन्न व औषध प्रशासन शिंदेंच्या शिवसेनेकडून गेलं. शपथ २ जुलैला झाली आणि खाती १४ जुलैला जाहीर झाली, बारा दिवस. २०१९ ला ३० डिसेंबरच्या विस्तारानंतर सहा दिवस लागले, ऑगस्ट २०२२ ला पाच, डिसेंबर २०२४ ला सहा. तिसऱ्यासाठी जागा करताना आधीच्या दोघांना आपल्या वाट्यातून काढून द्यावं लागतं, म्हणून तिथं वेळ जास्त गेला असं मी समजते. शपथ आणि खातेवाटप यांतलं हे अंतर दर वेळी टिपून ठेवा. त्या दिवसांत कुणी “मी अमुक खात्याचा मंत्री होणार” असं सांगून तुमच्याकडून निवेदन घेत असेल तर देऊ नका.

आमच्यासारख्यांना आणखी एक गोष्ट करावीच लागते. आपल्या कामाचं नाव एक असतं, खाती अनेक असतात. पाणी म्हटलं की कालवा आणि धरण जलसंपदा विभागाकडं, पाझर तलाव आणि बंधारे मृद व जलसंधारणाकडं, नळयोजना पाणीपुरवठा व स्वच्छतेकडं, शेततळं आणि विहीर कधी कृषीकडं तर कधी रोजगार हमीकडं. त्यातही शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचा तलाव असेल तर तो जिल्हा परिषदेचा, म्हणजे ग्रामविकास विभागाशी गाठ. महाविकास आघाडीत जलसंपदा राष्ट्रवादीच्या जयंत पाटलांकडं आणि जलसंधारण, पाणीपुरवठा शिवसेनेच्या कोट्यात होतं. डिसेंबर २०२४ ला जलसंपदा खातंच दोन भागांत वाटलं: गोदावरी व कृष्णा खोरं राधाकृष्ण विखे-पाटलांकडं, विदर्भ, तापी आणि कोकण गिरीश महाजनांकडं. दोघंही भाजपचे. जलसंधारण संजय राठोड आणि पाणीपुरवठा गुलाबराव पाटील, दोघं शिवसेनेचे. रोजगार हमी भरत गोगावले, तीही शिवसेना. कृषी आणि ग्रामविकास सोडले तरी राज्यातलं पाणी त्या वेळी असं दोन पक्षांत आणि पाच मंत्र्यांत वाटलेलं होतं. निवेदन लिहिण्याआधी तलाव कुणाचा आहे हे तालुक्याच्या उपअभियंत्याकडून लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं मंत्रालयात टिकत नाही.

राज्यमंत्री कुठल्या पक्षाचा, हे बघाच

लोक कॅबिनेट मंत्र्यापर्यंतच यादी वाचतात. अनेक पक्षांच्या सरकारात खालची ओळ फार बोलकी असते. महाविकास आघाडीत गृहमंत्री राष्ट्रवादीचे अनिल देशमुख, पण गृह राज्यमंत्री काँग्रेसचे सतेज पाटील आणि शिवसेनेचे शंभूराज देसाई. वित्तमंत्री अजित पवार, वित्त राज्यमंत्री पुन्हा शंभूराज देसाई. कृषिमंत्री शिवसेनेचे, राज्यमंत्री काँग्रेसचे विश्वजित कदम. २०२४ मध्ये गृह मुख्यमंत्र्यांकडं आणि शहरी गृह राज्यमंत्री शिवसेनेचे योगेश कदम. दुसऱ्याच्या खात्यात काय चाललंय हे आपल्यालाही कळावं, यासाठी हा माणूस तिथं बसवलेला असतो.

पण त्याच्या हातात अधिकार किती हे वेगळं विचारावं लागतं. राज्यमंत्री एरवी मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसत नाहीत, आणि कुठल्या विषयांच्या फायली त्यांच्याकडं जातील हे कॅबिनेट मंत्र्यानं दिलेल्या अधिकारांवर ठरतं. पक्ष वेगळे असले की हे अधिकार देताना हात आखडतो; राज्यमंत्र्यांची ही तक्रार प्रत्येक सरकारात ऐकू येते. तरीही माझा अनुभव असा, की राज्यमंत्र्याच्या कार्यालयात आपलं ऐकून घेतात. तिथं गर्दी कमी असते आणि दुसऱ्या पक्षाच्या खात्यातलं अडलेलं काम बाहेर काढण्यात त्यांना रस असतो. मूळ निवेदन कॅबिनेट मंत्र्यांना, प्रत राज्यमंत्र्यांना, आणि दोन्हीकडची पोच आपल्याकडं, असं ठेवा.

पालकमंत्र्यांची यादी वेगळी येते

मंत्री झाले, खाती झाली, तरी जिल्ह्याचा प्रश्न उरतो. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो आणि जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा त्या समितीतून जातो. गावातला छोटा रस्ता, शाळेची खोली, स्मशानभूमीचं शेड ही कामं मंत्रालयात नेण्यात अर्थ नसतो, ती इथं होतात. ३६ जिल्हे आणि त्यांची वाटणीही पक्षांच्या कोट्यानं.

आमच्या जिल्ह्याचंच बघा. २०२० पासून नेवाशाचे शंकरराव गडाख, मग परंड्याचे तानाजी सावंत, मग २०२५ ला ठाण्याचे प्रताप सरनाईक. तिन्ही वेळा शिवसेनेच्या कोट्यातले, मधे पक्ष फुटला तरी. त्यातले सावंत तेवढे जिल्ह्यातले. बाहेरचा पालकमंत्री असला की तो झेंडावंदनाला आणि नियोजन समितीच्या बैठकीला येतो, तेव्हाच भेटतो. म्हणून बैठकीची तारीख जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेतून आधी काढायची आणि आदल्या दिवशी निवेदन पोचवायचं, सकाळी गर्दीत नाही.

भागीदारांत खरं ताणलेलं कुठं आहे ते या यादीत उघडं पडतं. १८ जानेवारी २०२५ ला यादी आली, रायगड अदिती तटकरेंना आणि नाशिक गिरीश महाजनांना. शिवसेनेत नाराजी उठली, आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही नेमणुकांना स्थगिती. खात्यांवरून झालं नाही ते दोन जिल्ह्यांवरून झालं. कारण खातं मुंबईत असतं, पण आमदाराची पुढची निवडणूक जिल्ह्यात असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याचं पालकमंत्रिपद चंद्रकांत पाटलांकडून अजित पवारांकडं गेलं, तेव्हाही मंत्रिमंडळात कुणाचं खातं हललं नव्हतं, पण वाटणी मात्र हलली होती. असे बदल ‘फेरबदल’ म्हणून जाहीर होत नाहीत. वहीत ते फेरबदल म्हणूनच लिहा.

फेरबदल झाला की पहिला प्रश्न

बातमी आली की आधी विचारा: जागा रिकामी झाली, अदलाबदल झाली, की नवा भागीदार आला?

जागा रिकामी झाली तर ती त्याच पक्षाची राहते. एप्रिल २०२१ ला अनिल देशमुखांनी राजीनामा दिला, गृहखातं राष्ट्रवादीच्याच दिलीप वळसे-पाटलांकडं गेलं. वळसे-पाटलांकडचं उत्पादन शुल्क अजित पवारांकडं, कामगार हसन मुश्रीफांकडं. तिन्ही नावं एकाच पक्षाची, बाहेर काहीच गेलं नाही. ४ मार्च २०२५ ला धनंजय मुंडेंचा राजीनामा झाला. अडीच महिने जागा तशीच, आणि २० मे रोजी त्याच पक्षाचे छगन भुजबळ शपथ घेऊन आले, तेच अन्न व नागरी पुरवठा खातं घेऊन. डिसेंबरात त्यांना बाहेर ठेवलं तेव्हा ते उघड नाराज होते. जागा झाली तर कुणाचा नंबर लागेल हे असं आधीच्या नाराजीवरूनही कळतं, म्हणून शपथविधीच्या दिवशी वगळलेल्यांची नावंही पानाच्या तळाशी लिहून ठेवा.

अदलाबदलीला शपथ लागत नाही, कारण मंत्री तेच असतात. जुलै २०२५ च्या अखेरीस कोकाटेंकडचं कृषी भरणेंना आणि भरणेंकडचं क्रीडा, युवक कल्याण, अल्पसंख्याक विकास कोकाटेंना गेलं. रात्री आदेश निघाला आणि संपलं. शपथविधीची वाट बघत बसणाऱ्याला हे कळतही नाही.

नवा भागीदार आला तर सगळं पान नव्यानं काढा. यात जुना भागीदार बाहेरही जातो, आणि ते बघायचं तर गोव्याकडं बघावं. तिथं विधानसभा ४० ची. १५ टक्के म्हणजे सहाच होतात, पण घटनेनं किमान १२ ची मुभा ठेवली आहे, म्हणून तिथं १२ मंत्री. मनोहर पर्रीकरांच्या निधनानंतर १९ मार्च २०१९ च्या मध्यरात्री प्रमोद सावंतांनी शपथ घेतली आणि दोन मित्रपक्षांना सांभाळायला दोन उपमुख्यमंत्री केले: गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई आणि मगोपचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, सुदिन ढवळीकर. आठवडाभरात मगोपचे तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले आणि ढवळीकरांना वगळलं. जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये आले; मग सरदेसाईंसह गोवा फॉरवर्डचे तिन्ही मंत्री आणि अपक्ष रोहन खंवटे बाहेर, आणि काँग्रेसमधून आलेले चंद्रकांत कवळेकर उपमुख्यमंत्री. बाराच्या मर्यादेत नव्यांना घ्यायचं तर चार जागा कुठून तरी काढायच्याच होत्या. मित्रपक्षाचे आमदार मुख्यमंत्र्यांना लागेनासे झाले की त्याचा वाटा किती वेगानं संपतो, ते या चार महिन्यांत दिसतं. २०२२ च्या निवडणुकीनंतर त्याच ढवळीकरांना पुन्हा मंत्री केलं, कारण भाजप २० वर थांबला होता.

मुख्यमंत्री बदलला तर मात्र सगळं मंत्रिमंडळच जातं. मुख्यमंत्र्याचा राजीनामा हा सगळ्यांचा राजीनामा, आणि सगळ्यांना नव्यानं शपथ घ्यावी लागते. २००३, २००८, २०१० ला सरकार तेच, भागीदार तेच, तरी शपथविधी नव्यानं झाले.

कायद्यानं मुख्यमंत्री कुणालाही काढू शकतो, राज्यपाल त्याच्याच सल्ल्यानं चालतात. पण अनेक पक्षांच्या सरकारात मित्रपक्षाच्या मंत्र्याचं नाव त्या पक्षाचा प्रमुख देतो आणि काढायचंही तोच ठरवतो. म्हणून मंत्र्याविरुद्ध तक्रार असेल तर मुख्यमंत्र्यांबरोबर त्या पक्षाच्या प्रमुखालाही प्रत द्या. २०२४ ला अजित पवारांनी आपल्या मंत्र्यांना अडीच-अडीच वर्षांची संधी देण्याची गोष्ट जाहीर सांगितली होती. ती घोषणा त्या पक्षाच्या कोट्यापुरती होती, सगळ्या मंत्रिमंडळाला लागू नव्हती. वहीत तीही त्याच पक्षाच्या रकान्यात लिहायची.

आणखी एक तारीख टिपायची. मंत्री कुठल्याच सभागृहाचा सदस्य नसेल तर शपथेपासून सहा महिने मोजा. उद्धव ठाकरेंनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली आणि १४ मे २०२० ला ते विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले. दोन आठवडे उरले होते, आणि कोरोनामुळं निवडणूक होते की नाही अशी शंका होती. ती निवडणूक झाली नसती तर सगळं मंत्रिमंडळ गेलं असतं.

यादी कुठून घ्यायची आणि फाईल कशी धरून ठेवायची

टीव्हीवरची ‘संभाव्य मंत्र्यांची यादी’ वहीत उतरवू नका. राज्यपालांच्या कार्यालयाचं प्रसिद्धीपत्रक, सामान्य प्रशासन विभागाचा आदेश आणि राजपत्र, एवढ्यावरच विश्वास ठेवा. माहिती व जनसंपर्क खात्याच्या संकेतस्थळावर यादी येते; ती छापून वहीला चिकटवा.

मंत्री गेला की त्याचे खासगी सचिव आणि विशेष कार्य अधिकारी त्याच्याबरोबर जातात. कार्यासनावरचा, म्हणजे विभागात ती फाईल जिथं सांभाळतात त्या टेबलावरचा, कक्ष अधिकारी राहतो. हे मी इतकं जोर देऊन सांगते त्याला कारण आहे. आमच्या तलावाचं निवेदन मंत्र्यांच्या शेऱ्यासह एका कार्यालयात होतं. मंत्री बदलले, आणि नव्या कार्यालयात त्या कागदाचा मागमूस नव्हता. आमच्याकडं विभागाच्या टपाल शाखेचा आवक क्रमांक होता म्हणून कार्यासनावर दुसरी प्रत सापडली. नाहीतर बायकांनी वर्गणी काढून केलेली मुंबईवारी तिथंच संपली असती. तेव्हापासून आम्ही निवेदन पदनामानं लिहितो, ‘मा. मंत्री, मृद व जलसंधारण’, नावानं नाही. एक प्रत मंत्री कार्यालयात, एक विभागाच्या सचिवांच्या नावे टपाल शाखेत, आणि कार्यासनाचा क्रमांक विचारून वहीत.

फेरबदल झाल्यावर आठवडाभरात एका पानाचं स्मरणपत्र पाठवा. वरच्या कोपऱ्यात जुना आवक क्रमांक आणि तारीख, खाली काम एका वाक्यात, त्याखाली आधीच्या मंत्र्यांच्या शेऱ्याची झेरॉक्स. खातं त्याच पक्षात राहिलं असेल तर जुना शेरा बहुतेक वेळा मानला जातो. खातं दुसऱ्या पक्षाच्या कोट्यात गेलं असेल तर त्या शेऱ्यावर विसंबू नका. त्या पक्षाचा आपल्या जिल्ह्यातला आमदार शोधा, नसेल तर विधान परिषदेतला, आणि त्यांचं शिफारसपत्र जोडूनच निवेदन नव्यानं दाखल करा.